रान झुंजीला द्यायचं का? कोंबड्यांच्या झुंजीत अडकतो कोण?

उसाचा_फड:
नमस्कार मंडळी. गाव करवीर तालुक्यातलं, पंचगंगेच्या काठचं. नाव सांगत नाही, भावकी हे वाचते.

दीड एकराचा तुकडा आहे. गेल्या आठवड्यात ऊस गेला, खोडवा मोडायचा आहे, त्यामुळं रान मोकळंच. परवा चुलतभाऊ दोन पोरांना घेऊन आला. एका रविवारी सकाळी तीन तास रान पाहिजे म्हणाला, कोंबडी झुंजवायला. ५ हजार रोख देतो, वर एक कोंबडा. मी म्हटलं, आणि पोलीस? तर उत्तर तयारच: "दादा, बैलगाडा शर्यती सुप्रीम कोर्टानं सुरू केल्या की. आता बंदी राहिली कुठं?"

मला झुंज नवी नाही. आजोबांकडं असील होता, झुंजीच्या जातीचा कोंबडा. उंच पाय, लांब मान, माणसाकडं असा बघायचा की आपणच बाजूला व्हावं. त्याच्यापायी मी शाळा बुडवलीय. पण तेव्हा झुंज नुसत्या नखीवर व्हायची, एकानं पाठ दाखवली की संपली. परवा त्यातल्या एका पोरानं खिशातून कापडात गुंडाळलेलं पातं काढून दाखवलं. बोटाएवढं. पायाला दोऱ्यानं बांधायचं म्हणे. बायको चहा घेऊन आली होती, तिनं ते बघितलं आणि कप तसेच आत नेले.

तर हे बेकायदा आहे का? आणि असेल तर अडकणार कोण, कोंबडेवाला का रानवाला?

काळा_कोट:
बेकायदा आहे, आणि आजचं नाही, १९६० पासून. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध अधिनियम, कलम ११.

आता तुमच्या कामाचं. करमणुकीसाठी प्राणी झुंजवणारा त्या कलमाच्या 'एम' खंडात येतो. झुंजीसाठी जागा चालवणारा, देणारा, वापरू देणारा 'एन' खंडात. आणि कलम ३१ प्रमाणे यातला 'एन' दखलपात्र आहे, 'एम' नाही. म्हणजे या कायद्याखाली पोलीस वॉरंटशिवाय उचलू शकतात ते तुम्हाला, कोंबडेवाल्याला नाही! त्याच्यासाठी १८८७ चा जुगारबंदी कायदा आहे. लोकांना येता-जाता येईल अशा जागी पक्षी किंवा जनावरं झुंजवताना सापडला तर कलम १२ खाली वॉरंटशिवाय अटक. तिथं उभं राहून मदत करणाराही त्यातच.

शर्यतीचं म्हणाल, तर सुप्रीम कोर्टाच्या ७ मे २०१४ च्या निकालानं त्या बंद झाल्या. त्याच निकालात प्राण्याला दुसऱ्या प्राण्याशी झुंजायला चिथवायचं नाही, हेही स्पष्ट आहे. मग २०१७ मध्ये महाराष्ट्रानं त्या केंद्रीय कायद्यात राज्यापुरती दुरुस्ती केली, राष्ट्रपतींची संमती घेतली, आणि १८ मे २०२३ ला घटनापीठानं ती उचलून धरली. पण त्या दुरुस्तीत बैलगाडा शर्यत आहे, तीही जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीनं. कोंबडं त्यात कुठंच नाही. चुलतभावाला सांगा, अर्धा निकाल वाचून रान मागू नये.

उसाचा_फड:
बाप रे. कोंबडा त्याचा, पातं त्याचं, पैज त्याची आणि पहिला मी?
शिक्षा किती पण?

काळा_कोट:
बसून वाचा. पहिल्या वेळी १० ते ५० रुपये दंड. तीन वर्षांच्या आत पुन्हा तोच गुन्हा केला तर २५ ते १०० रुपये, किंवा ३ महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. आकडे १९६० चे आहेत. ५० रुपयांत आज धड मिसळ येत नाही.

नाद_एकच:
मग भ्यायचं कशाला? ५० रुपये तर मीच भरतो. आमच्या कागल-निपाणी पट्ट्यात काय झुंजी बघितल्या न्हाईत का कुणी? एडक्यांच्या टकरी हायत, रेड्यांच्या हायत. खुद्द शाहू महाराजांनी कोल्हापुरात हत्तींची साठमारी केली. ही आपली परंपरा हाय. बैलाला वेगळा कायदा केला तसा कोंबड्याला पण करा म्हणावं सरकारला.

निवृत्त_पशुवैद्यक:
साठमारीच्या हत्तीच्या पायाला कुणी पातं बांधत नव्हतं, भाऊ.

माझ्या टेबलावर अशी कोंबडी आलेली आहेत. पातं पंखाखाली गेलं की बरगडी आणि हवेच्या पिशव्या फाटतात, टाके घालून उपयोग नसतो. मालक मात्र विचारतो, "डॉक्टर, पुढच्या रविवारपर्यंत उभा राहील का?" काही जण आधीच तुरा कापून आणतात, समोरच्याच्या चोचीला धरायला काही मिळू नये म्हणून.

आणखी एक, जे कुणी बोलत नाही. पंधरा गावची कोंबडी एका रानात आली की मानमोडीचा रोग घरोघर जातो. लस न टोचलेल्या परसातल्या कोंबड्या आठवड्यात साफ होतात. त्यांच्या मालकिणींनी तर पैजही लावलेली नसते.

काळा_कोट:
नाद_एकच, तुमची सूचना मला मान्य आहे, फक्त उलट्या दिशेनं. २०१७ च्या दुरुस्तीत शर्यतीत बैलाला इजा केली तर ५ लाखांपर्यंत दंड किंवा ३ वर्षांपर्यंत कैद आहे. म्हणजे राज्याला ठरवलं तर शिक्षा वाढवता येते. त्याच कायद्याखाली बैलाला ओरखडा ५ लाख आणि कोंबड्याचा कोथळा ५० रुपये, हे काय गणित आहे? झुंजीसाठी तशीच दुरुस्ती करा, 'एम' खंड दखलपात्र करा, पात्याचा वेगळा उल्लेख करा. अमेरिकेत प्रत्येक राज्यानं आपापला कायदा केला, शेवटचं लुइझियाना, तिथं बंदी २००८ मध्ये लागू झाली. आपल्याकडं तर पाया तयार आहे, नुसत्या दोन ओळी घालायच्या आहेत.

तोवर जुगाराचं कलम. गुन्हा कोंबड्याच्या रक्ताचा, आणि पकडायचं नोटांसाठी.

नाद_एकच:
पात्याचं मला पण पटत न्हाई, ते खरं. नखीवरची झुंज वेगळी. पण तुम्ही समदं एका दावणीला बांधताय.

निवृत्त_पशुवैद्यक:
असील ठेवा की. देखणा पक्षी आहे. पाळायला, अंडी उबवायला बंदी नाही.

उसाचा_फड:
चुलतभावाला फोन केला. म्हटलं, रान माझं, पहिली अटक माझी, तर ५ हजारात परवडत नाही. बायको शेजारी बसून ऐकत होती, ती म्हणाली, ५० हजारातही सांगू नका.

तो चिडला नाही. म्हणाला, असू दे दादा, ओढ्यापलीकडच्याला विचारतो. ओढ्यापलीकडचा म्हणजे माझा सख्खा मेहुणा. त्याला हा धागा आत्ताच पाठवलाय. दोन निळ्या खुणा आल्यात, उत्तर नाही.