ओबामा सेंटर, शिकागो: आईबाबांना घेऊन एका दिवसात कसं करावं? (सल्ला हवा)

पिठलं_भाकरी
नमस्कार मंडळी. आम्ही इंडियानापोलिसला राहतो. जूनच्या शेवटी आईबाबा सांगलीहून येतायत. बाबा निवृत्त शिक्षक, विषय इतिहास-नागरिकशास्त्र. शिकागोच्या जॅक्सन पार्कमधलं ओबामा सेंटर (ओबामांच्या कारकिर्दीवरचं म्युझियम आणि परिसर) या जूनमध्ये उघडतंय हे त्यांनी आमच्याआधी वाचलं आणि तेव्हापासून प्रत्येक व्हिडिओ कॉलला तोच विषय. २०१० ला ओबामा मुंबईत आले तेव्हाची मणिभवनाची बातमी त्यांनी शाळेच्या फलकावर लावली होती, म्हणजे प्रेम जुनं आहे.

माणसं पाच: आईबाबा, आम्ही दोघं, मुलगा ८ वर्षांचा. बाबांचा गुडघा कुरकुरतो. आईला अंडंही चालत नाही. सकाळी निघून रात्री घरी यायचंय. गॅस सोडून बजेट १५० डॉलर, सगळं मिळून. बजेट ताणायचं नाहीये, ही नम्र विनंती.
प्रश्न: तिकीट काढून म्युझियम बघावं की नुसता परिसर पुरे? गाडी कुठे लावावी? खायचं काय?

कॅलिफोर्नियाचा_काका
खरं सांगू का, प्रेसिडेन्शियल म्युझियम बघायचं तर सिमी व्हॅलीचं रेगनचं. आख्खं एअर फोर्स वन आत उभं केलंय, चढून आत फिरता येतं. आमच्याकडे आलेल्या प्रत्येक पाहुण्याला दाखवलंय. डोंगरावर जागा, पार्किंग फुकट. शिकागोत तसं विमान नाही.

पिठलं_भाकरी
काका, १५० डॉलरमध्ये पाच जण कॅलिफोर्नियाला कसे येतील तेवढं सांगा 🙂

हाइडपार्ककर
मी तिथून चालत दहा मिनिटांवर राहतो. २०२१ मध्ये खोदकाम सुरू झालं तेव्हापासून रोज बघतोय, त्यामुळे थोडं सविस्तर.

तिकीट फक्त म्युझियमच्या मनोऱ्याला आहे. मनोरा २२५ फूट, आत चार मजले प्रदर्शन, ओव्हल ऑफिसची (व्हाइट हाउसमधल्या राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयाची) पूर्ण आकाराची प्रतिकृती आणि वरती स्काय रूम. बाकीचा परिसर, म्हणजे १९ एकरांच्या वर जागा, सगळ्यांना मोकळा आहे. त्यात मुलांचं मोठं खेळाचं मैदान, बागा, हिरवळ, शिकागो पब्लिक लायब्ररीची शाखा. बास्केटबॉल कोर्टाची वेगळी इमारत आहे, पण ती कधी कोणाला खुली ते वेळापत्रक बघून घ्या.

तुम्ही दक्षिणेकडून येणार, त्यामुळे हे डाउनटाउनच्या अलीकडेच लागतं. स्टोनी आयलंड अ‍ॅव्हेन्यूला उतरा आणि सरळ उत्तरेला या. उगाच लूपमध्ये, म्हणजे डाउनटाउनच्या मध्यात, शिरू नका. जमिनीखाली पार्किंग आहे, पण जागा मोजक्या.

आणि एक गोष्ट लोक हमखास विसरतात: तिकिटावर वेळ ठरलेली असते आणि ती शिकागोची. तुमचं घड्याळ एक तास पुढे. जाताना तास मिळतो, येताना जातो. आठ वर्षांचं पोर मागे झोपलेलं असेल तेव्हा तो गेलेला तास कळतो.

डाउनटाउन_डायरी
आईवडील इतक्या लांबून येतात, एका दिवसात कसलं उरकताय? दोन रात्री राहा. आम्ही लेक व्ह्यू रूम घेतली होती, पहाटे खिडकीतून सूर्य थेट तळ्यातून वर येतो. नदीतली आर्किटेक्चर बोट टूर चुकवूच नका. थोडं वाढवा बजेट, असे दिवस परत येत नाहीत.

पिठलं_भाकरी
मला वाटलंच होतं.

खडूस_काकू
मी साउथ साइडला नोकरी करते. कॉर्नेल ड्राइव्ह बंद केल्यापासून माझी रोजची वाट लांबली. सार्वजनिक पार्कातली जागा, कितीतरी जुनी झाडं तोडली, लोक कोर्टात गेले, काही झालं नाही. आणि तो मनोरा! खिडक्या नाहीत म्हटलं तरी चालेल. वर एका कोपऱ्यात दगडी अक्षरं लावलीत, मान मोडली तरी वाक्य लागत नाही. शेजारी त्याला ‘ओबामालिस्क’ (ओबामा अधिक ओबेलिस्क, म्हणजे दगडी स्तंभ) म्हणतात ते उगाच नाही.

हाइडपार्ककर
काकू, रस्त्याबद्दल सहमत. पण ती अक्षरं २०१५ च्या सेल्मा भाषणातली (तिथल्या नागरी हक्क मोर्चाच्या आठवणीत केलेल्या) आहेत, मजकूर आधी वाचून गेलं तर लागतात. एका चित्रकर्तीची, ज्युली मेहरेटूची, ८३ फूट उंच काचेची खिडकीही आहे. ती तरी खिडकी म्हणा.

खडूस_काकू
खिडकी म्हणजे जिच्यातून बाहेर बघता येतं ती.

निवांत_नारायण
काकूंना +१

जुनी_वही
बाबांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर विरस होईल. इतर राष्ट्राध्यक्षांच्या लायब्रऱ्यांमध्ये मूळ कागदपत्रांचा दफ्तरखाना असतो, अभ्यासक येऊन फायली मागवतात. इथे तसं नाही. ओबामांच्या कारकिर्दीचे कागद नॅशनल अर्काइव्हजकडे आहेत आणि ते डिजिटल रूपात देण्याचं धोरण आहे. सेंटर चालवतं ओबामा फाउंडेशन. परिसरात जी लायब्ररी आहे ती गावची लायब्ररी, आपल्या नगर वाचनालयासारखी. मी ऑस्टिनला जॉन्सन लायब्ररीत गेलो होतो, तिथे काचेमागे लाल पेट्यांचे मजलेच्या मजले दिसतात. त्या अपेक्षेने इथे गेलात तर "कागद कुठायत?" असं होईल.

पिठलं_भाकरी
हे फार कामाचं सांगितलंत. बाबा खरंच वही-पेन घेऊन येणार होते.

मिनेसोटी_मिसळ
जॅक्सन पार्क म्हणजे तेच ना जिथे विवेकानंदांनी १८९३ ला भाषण केलं? मग ओबामा राहू दे, आईबाबांना ती जागा दाखवा.

जुनी_वही
नाही हो. जॅक्सन पार्कात जागतिक प्रदर्शन भरलं होतं. सर्वधर्म परिषद झाली ती मिशिगन अ‍ॅव्हेन्यूवर, आज जिथे आर्ट इन्स्टिट्यूट आहे त्या इमारतीत. ११ सप्टेंबर १८९३. तिथल्या रस्त्याच्या तुकड्याला विवेकानंदांचं नावही दिलंय.

मिनेसोटी_मिसळ
परिषद प्रदर्शनाचाच भाग होती ना? मग मी चुकीचं काय म्हटलं?

जुनी_वही
भाग होती. जागा वेगळी होती. सात-आठ मैलांचा फरक आहे, गुडघा कुरकुरणाऱ्या माणसाला तो पुष्कळ होतो.

हाइडपार्ककर
भांडू नका. प्रदर्शनाच्या वेळची एक इमारत पार्कात अजून उभी आहे: पॅलेस ऑफ फाइन आर्ट्स, म्हणजे आताचं ग्रिफिन म्युझियम ऑफ सायन्स अँड इंडस्ट्री. सेंटरपासून अगदी जवळ. आत खरीखुरी जर्मन पाणबुडी आहे, यू-५०५. मुलगा आठ वर्षांचा आहे म्हणून सांगतो, त्याला ओबामांपेक्षा पाणबुडी आवडेल. पण एका दिवसात दोन्ही करू नका, मोठी माणसं थकतात.

डाउनटाउन_डायरी
म्हणूनच म्हटलं दोन रात्री.

चिवडा_लाडू
खाण्याचं कोणी बोलतच नाहीये. सरळ डेव्हॉनला, भारतीय दुकानांच्या रस्त्यावर जा. थाळी, पाणीपुरी, येताना किराणा पण होतो. आम्ही दर वेळी तेच करतो.

खडूस_काकू
डेव्हॉन शहराच्या पार उत्तरेच्या टोकाला आणि हे दक्षिणेला. संध्याकाळी लेक शोर ड्राइव्हवर तासभर अडकून पाणीपुरी खायची असेल तर खुशाल जा. तिथून पुढे इंडियानापोलिस आहेच. घरून डबा न्या. मेथीचे ठेपले, दशम्या, कोरडी चटणी. कूलरमध्ये दही. हिरवळीवर बसून खा.

चिवडा_लाडू
दशमी रोजच खातो हो. बाहेर गेल्यावर बाहेरचं खावं.

पेन्सिल_पॅड
हाइड पार्कात ५३व्या रस्त्यावर व्हालोइस नावाची जुनी कॅफेटेरिया आहे, ओबामा तिथे नाश्त्याला जायचे. आईंना टोस्ट, बटाटे एवढंच जमेल. तिथून जवळच डॉर्चेस्टरच्या कोपऱ्यावर ओबामांनी मिशेलचं पहिलं चुंबन घेतलं त्याची पाटी आहे, दगडावर बसवलेली. सासूसासऱ्यांसमोर मी ती मोठ्याने वाचायला सुरुवात केली आणि मग मला खोकला आला.

लिंकनभक्त
इंडियानापोलिसहून शिकागो तीन तास, स्प्रिंगफील्ड पण जवळपास तेवढंच. मग स्प्रिंगफील्डच का नाही? लिंकन म्युझियम २००५ पासून चालू, सगळं सुरळीत बसलेलं. लहानपणाची लाकडी खोपटी, व्हाइट हाउस, नाट्यगृहातला तो प्रसंग, सगळं माणसाएवढ्या पुतळ्यांसकट. तिथून जवळच त्यांचं खरं घर, ते नॅशनल पार्क सर्व्हिसकडे आहे आणि फुकट दाखवतात. गर्दी नाही, पार्किंगची मारामारी नाही. नागरिकशास्त्राच्या मास्तरांना लिंकन न दाखवता ओबामा दाखवणं म्हणजे कमालच.

निवांत_नारायण
लिंकनभक्तांना +१

हूजियर_हरी
कोणीच कसं सांगितलं नाही? तुमच्या गावातच एक राष्ट्राध्यक्ष आहे की! बेंजामिन हॅरिसन, २३वे. डेलावेअर स्ट्रीटवर त्यांचं घर आहे, गाइड फिरवून दाखवतो. १८८९ ते १८९३, म्हणजे ते शिकागोचं प्रदर्शन याच माणसाच्या काळात मंजूर झालं. आम्ही पंधरा वर्षं इथे राहून गेलो नव्हतो. शेवटी भारतातून आलेल्या मामांनी नेलं.

पिठलं_भाकरी
हरीजी, हे मलाही माहीत नव्हतं! पावसाच्या दिवसासाठी ठेवते.

गाडी_बुला_रही_है
पार्किंग आधी बुक करा. मी डाउनटाउनच्या एका गॅरेजमध्ये ‘अर्ली बर्ड’ (सकाळी लवकर येणाऱ्यांसाठीचा स्वस्त) दर बघून शिरलो, बाहेर पडायला वीस मिनिटं उशीर झाला तर मशीनने आकडा दाखवला तो आमच्या चौघांच्या जेवणाच्या बिलापेक्षा मोठा. तक्रार कोणाकडे करणार, तिथे माणूसच नव्हता.

ऋतुगंध२
सगळे प्रतिसाद वाचले नाहीत. तिकीट आधी काढा, वेळ ठरलेली असते. आणि वेळेचा झोन लक्षात ठेवा. कोणी सांगितलं नसेल म्हणून लिहिलं.

मणिभवनकर
अवांतर: ओबामा मुंबईत आले तेव्हा मिशेल कुलाब्याच्या शाळेत पोरांबरोबर कोळी नाच नाचल्या होत्या, ओबामांनाही ओढलं होतं. त्या म्युझियममध्ये तो नाच कुठे दिसला तर फोटो टाका.

पिठलं_भाकरी
सगळ्यांचे मनापासून आभार. ठरलं ते असं.

तिकिटं दोनच काढणार, बाबा आणि मी. आईने स्पष्ट सांगितलं की तिला कोणाच्या ऑफिसची नक्कल बघण्यात रस नाही, ती नातवाबरोबर मैदानावर आणि बागेत बसेल. पाणबुडी पुढच्या वर्षी. डबा घरचाच, काकू जिंकल्या.

आणि गाडी थेट तिथवर नेणार नाही. आईला इथली डबल डेकर ट्रेन बघायची आहे, बसायचं आहे. म्हणून इंडियानातच साउथ शोर लाइनच्या एखाद्या स्टेशनावर गाडी लावून ५७व्या रस्त्यापर्यंत ट्रेनने जाणार. पार्किंग आणि ट्रेनचं मिळून हिशेब केला, बजेटमध्ये बसतंय. वार मधला, बुधवार.

हाइडपार्ककर
अहो, एवढं सांगून ट्रेन? ५७ पासून सेंटरपर्यंत मोठ्या माणसाला पंधरा-वीस मिनिटं चालणं आहे, उन्हात. शिवाय सगळ्या गाड्या डबल डेकर नसतात आणि प्रत्येक गाडी ५७ ला थांबत नाही. वेळापत्रकात थांबा बघूनच बसा. परतीच्या दोन गाड्यांच्या वेळा कागदावर लिहून बाबांच्या खिशात ठेवा.

पिठलं_भाकरी
बाबांना सांगितलं. म्हणाले पंढरपूरला दरवर्षी चालतो तेव्हा गुडघा कोण विचारतं. घडीची खुर्ची मात्र घेतेय.

कॅलिफोर्नियाचा_काका
रेगनला ट्रामने वर जावं लागत नाही, गाडी दारापर्यंत जाते. सहज सांगितलं.

चिवडा_लाडू
येताना डेव्हॉन जमलं तर बघा.