भूज-अहमदाबादचा भूकंप: २६ जानेवारीनंतर तुम्ही कसे जगलात?

गुजरातच्या भूकंपाच्या त्या दोनेक मिनिटांविषयी आजवर खूप सांगून झालंय. २६ जानेवारी २००१, सकाळी ८ वाजून ४६ मिनिटं, भचाऊजवळचा केंद्रबिंदू, १३ हजारांहून जास्त माणसं गेली, तीन लाखांहून जास्त घरं भुईसपाट. दर प्रजासत्ताकदिनाला पेपरात एक चौकट येते आणि तिच्यात हे सगळं मावतं. पुढचे महिने आणि वर्षं मात्र तिच्यात येत नाहीत. ढिगारे उपसून झाले, कॅमेरे परत गेले, मग माणसं कशी राहिली? पुन्हा छताखाली कधी झोपलात? चूल कोणी पेटवली? वाद कोणाशी झाले? घराची पाहणी करायला आलेला माणूस काय म्हणाला?

कच्छात आणि अहमदाबादेत तेव्हा मराठी माणसं पुष्कळ होती. बँकेत, रेल्वेत, कांडला बंदरात, सैन्यात बदलीवर आलेली आणि पिढ्यान्‌पिढ्या तिकडचीच झालेलीही. महाराष्ट्रातून मदतीला गेलेलेही बरेच. सगळ्यांनी लिहा. तुमचं नाव नको, बिल्डरचंही नको. तेव्हा कुठे होतात, काय करत होतात, एवढं पुरे. हे सांगू शकणारी माणसं आता थकत चालली आहेत, म्हणून लहानसं आठवत असेल तेही लिहा.

सुरुवात मी करते.

अहमदाबाद, मणिनगर. तेव्हा बारावीत.

केंद्रबिंदूपासून आम्ही दोनशेहून जास्त किलोमीटर लांब, तरी शहरात साडेसातशेच्या आसपास माणसं गेली. पडलेल्या बऱ्याच इमारतींची रचना सारखीच होती: खाली गाड्यांसाठी मोकळी जागा, नुसते खांब, आणि त्यांवर पक्क्या भिंतींचे मजले. हादऱ्यात वरचा भाग एकसंध हलतो आणि सगळा ताण खालच्या खांबांवर येतो. खांब गेले की वरचं सगळं खाली बसतं. आमच्या मागच्या गल्लीत तेच झालं. आमची इमारत उभी राहिली, पण खांबांना तिरक्या भेगा पडल्या.

समोरच्या मैदानात चादरी टाकल्या. वर जाऊन सामान आणायचा नियम बायकांनी ठरवला: एका वेळी एकच माणूस जाणार, दुसरा जिन्याखाली उभा राहणार, आणि काय आणायचं ते आधी सांगून जायचं. औषधं, कागदपत्रं, लहान मुलांचे गरम कपडे. एक काका टीव्ही घेऊन उतरले तेव्हा आईने त्यांना सगळ्यांसमोर झापलं. सगळ्यांचा शिधा एकत्र करून एकाच शेगडीवर खिचडी व्हायची. जानेवारीची थंडी होती, त्यात दोनच दिवसांनी पुन्हा मोठा धक्का बसला. मग घरात झोपायला गेलेले चार जणही परत मैदानात आले.

आमचा खरा कस पुढे लागला. खांबांना जॅकेटिंग करायचं ठरलं, म्हणजे जुन्या खांबाभोवती नव्या सळया बांधून काँक्रीटचं वेष्टण द्यायचं. पैसे कोणी आणि किती द्यायचे यावर बैठकांमागून बैठका झाल्या. ज्यांचे फ्लॅट भाड्याने दिलेले होते ते फिरकलेच नाहीत. तिसऱ्या मजल्यावरच्या आजी एकट्या होत्या, त्यांच्याकडे खरंच नव्हते. माझ्या बाबांनी आणि आणखी काही जणांनी त्यांचा वाटा भरला आणि हिशेबाच्या वहीत तो आजींच्याच नावावर लिहिला. आता आजी नाहीत आणि बाबाही नाहीत, म्हणून सांगते आहे.

भूज. बँकेत कॅशियर, नागपूरहून बदलीवर.

आमची शाखा पडली नव्हती, पण आत जायची कोणाची तयारी नव्हती. बाहेर मंडप टाकून टेबलं मांडली. लोकांकडे पासबुक नाही. सही करायचा हात प्लास्टरमध्ये. खातेदार गेलेला आणि त्याच्या बायकोकडे स्वतःचा एकही कागद उरलेला नाही. अशा वेळी आम्ही त्यांच्या शेरीतल्या, म्हणजे गल्लीतल्या, दोघांना बोलावत असू. ही अमक्याची सून, हा तमक्याचा धाकटा, असं त्यांनी सांगितलं की तेवढ्यावर थोडी रक्कम द्यायची. माझ्या टेबलावर कोणी खोटं बोलून पैसे नेले असं एकदाही झालं नाही. हे मी मुद्दाम लिहितोय, कारण लुटालुटीच्या बातम्याच सगळ्यांच्या लक्षात राहिल्या आहेत.

पुढे घरबांधणीची सरकारी मदत हप्त्यांनी खात्यात येऊ लागली. नुकसानीचे जी-१ ते जी-५ असे प्रकार पाडले होते, जी-५ म्हणजे पूर्ण पडलेलं घर. पाया झाला की इंजिनिअर बघून जाणार, मग पुढचा हप्ता. आमच्याकडे आयुष्यात पहिल्यांदा बँकेची पायरी चढणाऱ्या बायका यायच्या. अंगठा उठवल्यावर पैसे हातात घेऊन मोजायच्या, परत मोजायच्या, आणि काही जणी तिथेच बसून राहायच्या. मंडप होता, घाई नव्हती, आम्हीही उठवत नसू.

सोलापूर. मदतीच्या ट्रकबरोबर गेलो होतो.

सुरजबारीच्या पुलाला मार लागला होता, त्यामुळे कच्छात शिरायला ट्रकांची लांबच लांब रांग. आत गेल्यावर रस्त्याच्या कडेला जुन्या कपड्यांचे ढीग. मळके, फाटके, काही नुसत्या चिंध्या. ज्या बायका स्वतःच्या हाताने इतकं देखणं भरतकाम करतात त्यांनी ते उचलावेत अशी अपेक्षा होती. त्यांनी हात लावला नाही आणि योग्यच केलं. त्या वेळी कंदील, ताडपत्र्या, पाणी साठवायची भांडी आणि घोंगड्या यांची गरज होती. कच्छ नवनिर्माण अभियानाने गावांच्या गटांसाठी 'सेतू' केंद्रं काढली होती. कोणत्या गावाला काय हवंय ते तिथे कळायचं. आम्ही ट्रक तिकडे वळवला. आजही कुठे आपत्ती आली की आमच्या गल्लीत कपडे गोळा करायला पोरं येतात, त्यांना मी आधी हेच सांगतो.

मुंबई. परिचारिका, वैद्यकीय पथकातून गेले.

सिव्हिल हॉस्पिटल कोसळलं होतं. भूजच्या डॉक्टरांनी पहिल्या दिवशी जुबिली ग्राउंडवर उघड्यावर शस्त्रक्रिया केल्या, आम्ही पोहोचलो तोवर तंबू लागले होते. चिरडलेले हातपाय, कापावे लागलेले पाय, मणक्याचे रुग्ण. ड्रेसिंगपेक्षा अवघड होतं ते रात्री. जनरेटर थरथरला तरी पेशंट सलाइनची सुई ओढून उठायचे. पक्क्या वॉर्डात हलवतो म्हटलं की नातेवाईक पाया पडायचे, नको म्हणून.

भूजचं नवं रुग्णालय २००४ मध्ये उघडलं. ते रबर आणि शिसं यांच्या बेअरिंगवर उभारलं आहे, जमीन हलली तरी त्याचा थोडाच धक्का इमारतीला लागावा म्हणून. काही वर्षांनी मी ते बघायला गेले होते. तिथली एक आया रुग्णांना हे स्वतः समजावून सांगत होती, इंजिनिअरपेक्षा सोप्या शब्दांत. इमारत पक्की करून भागत नाही, ती पक्की आहे हे घाबरलेल्या माणसाला कोणीतरी सांगावं लागतं.

औसा तालुका, लातूर. बचत गटाच्या बायकांबरोबर कच्छला गेले होते.

आमचं गाव ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे गेलं. गणपती बोळवून झोपलो होतो. माळवदाची घरं, दगडाच्या रुंद भिंती, मधी माती. कच्छला गेले तेव्हा आमच्या भूकंपाला सात वर्षं झाली होती. तिथं बाया घोळक्यानं बसलेल्या, कोणी बोलेना. भाषा येत नव्हती. मोडक्या हिंदीत म्हणले, माझी सासू आणि लहानी पोरगी ढिगाऱ्यात गेली. मग एकीनं जवळ सरकून घेतलं.

रडू नका म्हणायला आम्ही गेलोच नव्हतो. आम्ही घराचं बोललो. आमच्याकडं बावन्न गावं नव्या जागी बसवली. ओळीनं घरं, मोठाले रस्ते. दिसायला छान, पण शेत लांब पडलं, गोठ्याला जागा नाही, भावकी पांगली. म्हणून त्यांना सांगितलं, कोणी आयतं गाव बांधून देतो म्हणलं तर आधी नकाशा मागा. जनावरं कुठं बांधायची ते विचारा. शेजारी कोण ते विचारा. न विचारता हो म्हणू नका.

दुसरं सांगितलं मिस्त्रीचं. बाईनं उभं राहून काम बघायचं. दगडी भिंत असंल तर दोन्ही अंगांना धरणारा लांब दगड मधी मधी पाहिजे. कोपऱ्यात सळई, खिडक्या-दारांच्या वरून सगळ्या घराभोवती फिरणारा काँक्रीटचा पट्टा, आणि सिमेंटवर रोज पाणी. आमच्या कितीतरी बाया लातूर-उस्मानाबादला दुरुस्तीच्या कामात संवाद सहायक, म्हणजे गाव आणि सरकारी लोकांमधला दुवा, होत्या, त्यांना हे तोंडपाठ. त्यांच्याकडनं आम्हीपण शिकलो. कच्छातल्या बन्नीकडचे भुंगे, म्हणजे मातीची गोल घरं, उभे होते. गोल भिंतीला कोपरा नाही आणि वरचं छप्पर हलकं. आमच्या डोक्यावर मातीचं ओझं नसतं तर, हे मनात आलंच.

त्यातली एक बाई अजून दिवाळीला फोन करते.

भूज. वडील रेल्वेतून निवृत्त होऊन तिथेच राहिले.

वरच्या ताईंनी शेजाऱ्यांचं लिहिलं ते वाचून लिहितो. जुन्या भूजच्या शेऱ्या इतक्या अरुंद की दोन्ही बाजूंच्या भिंती शेरीतच पडल्या आणि पळायला वाट राहिली नाही. नव्या नगररचनेत रुंद रस्त्यांसाठी लोकांच्या जागांतून कपात झाली, लहान जागांची कमी, मोठ्यांची जास्त. नकाशे मंजूर होईपर्यंत आत नवं बांधकाम नाही. वडील तावातावाने हरकती घ्यायला जायचे आणि परत येऊन मान्य करायचे की रस्ते पाहिजेतच, या गल्लीत अग्निशमनाची गाडी आलीच नसती.

आमच्या शेरीतले काही मुंद्रा रोडच्या वसाहतीत गेले, काही रावलवाडीला, काही आरटीओकडे. घरं चांगली मिळाली. पण माझी आई ज्या बायकांशी रोज ओट्यावर बसायची त्यांतल्या निम्म्या तिला पुढे फक्त लग्नात आणि मयतीला भेटल्या. भरपाईच्या कुठल्याही रकान्यात हे नव्हतं. पुनर्वसन करणाऱ्यांनी प्लॉट वाटताना शेरीच्या शेरी एकत्र हलवल्या असत्या, तर पैसा तेवढाच लागला असता.

अंजार. प्राथमिक शाळेत शिक्षिका.

प्रजासत्ताकदिनाच्या मिरवणुकीत निघालेली १८५ मुलं आणि २० शिक्षक इथे गेले. त्यांच्यासाठी वीर बालक स्मारक झालं ते २०२२ मध्ये. पालकांनी एवढी वर्षं वाट पाहिली.

पुढच्या वर्षी २६ जानेवारीला काय करायचं हा प्रश्न शाळेसमोर होता. काही पालक म्हणाले झेंडा नको. एका बापाने, ज्याचा मुलगा मिरवणुकीत होता, सांगितलं की झेंडा लावा पण मुलांना मैदानाबाहेर नेऊ नका. तसंच केलं.

गांधीधाम. तेव्हा दुसरीत. आता पुण्यात.

माझी आई अजून उशाशी चावी आणि टॉर्च ठेवते. मीही ठेवते. ट्रक गेला आणि खिडकी वाजली की पंख्याकडे बघायची सवय गेली नाही, आणि ती जावी असंही मला वाटत नाही.

आमच्या सोसायटीतही खाली पार्किंग आणि वर मजले. मणिनगरच्या ताईंनी लिहिलेली तीच रचना. गाडी नीट लागावी म्हणून कोणीतरी दोन खांबांच्या कडा तासल्या होत्या आणि एका खांबातून पाइप काढला होता. मी बैठकीत स्ट्रक्चरल ऑडिटची मागणी केली. पहिल्या वेळी विषय पुढे ढकलला. दुसऱ्या वेळी सासऱ्यांनी गांधीधामचे फोटो नेऊन टेबलावर ठेवले. आता अहवाल आला आहे, तीन खांब दुरुस्त करायला सांगितले आहेत, आणि काम पावसाळ्याआधी सुरू होणार आहे. मणिनगरच्या ताई, तुमच्याकडे खर्च फ्लॅटच्या क्षेत्रफळावर वाटला की सगळ्यांना सारखा? आमचं तिथेच अडलंय.