उष्टावणाची वाटी : तुमच्याकडे पहिला घास कुणी भरवला?

पापुद्रा
खालच्या मजल्यावर आज उष्टावण होतं. आमची चांदीची वाटी मागायला आल्या म्हणून कपाटातून काढली, तर काठावर अजून दोन दातांचे पोचे. तिथंच खाली बसले.

माझा मुलगा आता बारावीत. सहा महिन्यांचा झाला तेव्हा मी तक्ता लिहून फ्रिजवर चिकटवलेला. आधी तांदळाची पेज, मग मुगाचं वरण, नवीन काही दिलं की तीन दिवस थांबायचं, मीठ-साखर वर्षापर्यंत नाही. आणि पोरगं? चमचा दिसला की ओठ घट्ट. पंधरा दिवस पेज माझ्या गाऊनवर.

सासरे चादरीच्या कारखान्यातून दुपारी जेवायला घरी यायचे. एकदा मी गच्चीवर कपडे टाकून खाली आले, तर हे त्याला मांडीवर घेऊन बसलेले. भाकरीचा वरचा पापुद्रा बिनतिखटाच्या वरणात भिजवून, बोटांनी चुरून चुरून पार लोणी केलेला, आणि पोरगं आ वासून बसलेलं. मी बोलायच्या आत म्हणाले, "मंगळवेढ्याची मालदांडी हाय सूनबाई, काय होत न्हाई." मला इतका राग आला की दुपारी जेवले नाही. संध्याकाळी मीच पापुद्रा भिजवायला घेतला.

सासरे जाऊन तीन वर्षं झाली. लिहा की तुमचंही.

जुळेसोलापूरकर
आमच्यात मामाचा मान. मामा आला पांढराशुभ्र शर्ट घालून, खिरीत केशर. एक चमचा आत, दीड बाहेर. फोटोत मामाचं तोंड बघा, शर्ट बघू नका.

पूर्वभाग_वाली
आम्ही तेलुगू. अन्नप्राशनाला बाळापुढं पेन, पुस्तक, पैसे, अंगठी मांडतात, काय उचलतं बघायला. आमच्या बाईनं सगळं बाजूला सारून पप्पूची वाटी ओढली. आजी म्हणाली, ही हॉटेल काढणार.

जुळेसोलापूरकर
पप्पू कोण?

पूर्वभाग_वाली
वरण हो वरण!

रात्रपाळी
ड्युटीवर आहे, घाईत लिहितेय. ताई, सासऱ्यांचं वाचून डोळे भरले. पण नर्स आहे, राहवत नाही. वर्षाच्या आत मध नको, बोटाला लावून चाटवायचा नाही, घुटीतही नाही. त्यातले जंतू आतड्यात वाढून बाळ लुळं पडू शकतं. दुसरं, आपल्याकडे घरभर शेंगा पडलेल्या असतात. अख्खा दाणा पाच वर्षांपर्यंत नको, श्वासनळीत जातो. बारीक कूट पेजेत मिसळून चालतं. आणि नुसतं वरणाचं पाणी पाजत बसू नका गं, वरण घट्टच द्या. जन्मतः असलेला लोहाचा साठा सहाव्या महिन्याच्या आसपास संपत येतो, पाण्यातून काय मिळणार?

तिघांची_आई
पहिल्याला तक्ता, दुसऱ्याला अर्धा तक्ता, तिसरी आपोआप वाढली. गड्ड्याच्या जत्रेत कडेवर होती, सात महिन्यांची. शेजारच्या बाईच्या हातातलं भजं ओढलं आणि थेट तोंडात. बोट घालून काढलं, तरी थोडं गेलंच. नंतर आठ दिवस पेजेकडं ढुंकून बघितलं नाही.

रात्रपाळी
अरे देवा.

नवी_आई
माझी उद्या सहा महिन्यांची होतेय. सासूबाईंनी नाचणीला मोड आणून वाळवून ठेवलीय. साधं पीठ नाही का चालत?

तिघांची_आई
चालतं, पण मोडाच्या पिठाची पेज शिजल्यावर गोळा होत नाही. साध्या पिठाला पातळ करायला पाणीच जास्त घालावं लागतं, त्यात पोट भरतं पाण्यानं.

नवी_आई
पाऊण किलोच आहे. गिरणीवाला म्हणतो, एवढंसं दळत नाही, त्यात गव्हाचं पीठ मिसळेल.

पूर्वभाग_वाली
मिक्सरला लाव आणि ओढणीतून गाळ. थांबा, नळाला पाणी आलं चार दिवसांनी, पळते.

जुळेसोलापूरकर
आमच्याकडं पाचवा दिवस. नशीब काढलंत.

पापुद्रा
वाटी परत आली, खीर घालूनच. रिकामी देऊ नये म्हणे. मुलगा क्लासवरून आला आणि उभ्या उभ्या संपवली. पोचे दाखवले तर म्हणतो, "मी काय उंदीर होतो का?"

नवी_आई
मिक्सर तापून बंद पडला. निम्मी नाचणी झालीय, बाकी उद्या.