मदत हवी आहे: शुगरची नवी गोळी सुरू झाल्यापासून पुढच्या कातडीला खाज, चिरा

नेहमीच्या आयडीने हे विचारायची हिंमत होत नाही, म्हणून डु-आयडी (दुसरा, खोट्या नावाचा आयडी) घेतलाय. कोणी ओळखलंच तर कृपया मनातच ठेवा.

वय ५१, शुगर बऱ्याच वर्षांची. मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड चालू होतं. एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी शुगर) ८.४ आल्यावर दिवाळीच्या सुमारास डॉक्टरांनी डापाग्लिफ्लोझिन १० मिग्रॅ जोडली. शुगर उतरली, पोटही जरा कमी झालं, त्यामुळे गोळीवर मी खूश आहे. तक्रार खालची आहे.

आधी शिश्नाच्या पुढच्या कातडीला नुसती खाज यायची. मग आतून लाली आली, दह्याच्या कवड्यांसारखा पांढरा थर दिसायला लागला आणि कातडीच्या कडेला बारीक उभ्या चिरा पडल्या. लघवीचा थेंब लागला की झोंबतं. चिरा भरत येतात, पण कातडी मागे घेतली की परत उलतात. पूर्वी सहज मागे जाणारी कातडी आता अर्ध्यावर अडते. बायकोलाही खाज सुरू झालीय. ती तिच्या डॉक्टरकडे जायला तयार आहे, अडून बसलोय मी. आमच्या फॅमिली डॉक्टर म्हणजे मुलीच्या मैत्रिणीची आई. त्यांच्यासमोर हे कसं काढू?

मेडिकलवाल्याने 'काका, ही सगळ्यांना लागू पडते' म्हणत एक ट्यूब दिली. लावली की शांत, सोडली की परत सुरू. वर क्लोबेटासॉल, निओमायसिन, मायकोनाझोल अशी नावं आहेत.

ही गोळीची करामत आहे का? असेल तर गोळी बंद करू का? स्किनवाल्याकडे जाऊ की युरॉलॉजिस्टकडे? आणि सुंता करावीच लागते का?

आडवाट: माझं अगदी हेच झालं होतं, फक्त गोळी एम्पाग्लिफ्लोझिन होती. मी स्किनच्या डॉक्टरकडे गेलो. पाच मिनिटांत तपासून मोकळे. त्यांच्यासाठी ते कोपर बघण्याइतकंच रोजचं काम. लाज सगळी आपल्याच डोक्यात असते हो.

गावठी_उपाय: डेटॉलच्या पाण्याने धुवा आणि खोबरेल तेलात हळद कालवून लावा. हमखास.

दवाखानेवाला: डेटॉल अजिबात नको, उललेल्या कातडीवर तर नकोच. हळदही राहू द्या. मी एमबीबीएस आहे. न तपासता निदान करत नाही, पण धाग्यात जे लिहिलंय त्यावरून सांगतो.

ही गोळी मूत्रपिंडाला रक्तातली साखर परत शोषू देत नाही, ती लघवीवाटे बाहेर जाते. दिवसाला साधारण ७० ग्रॅम. कातडीखाली अडकलेल्या गोड थेंबावर कँडिडाची बुरशी मजेत वाढते, स्त्रियांमध्ये तर जास्तच. त्यामुळे गोळीचा संबंध असण्याची शक्यता भरपूर आहे. तरीही ती मनाने बंद करू नका. हृदयासाठी, किडनीसाठी तिचा फायदा असतो. ठेवायची की बदलायची, हे ज्यांनी लिहून दिली त्यांना ठरवू द्या. या गोळीवर लघवीत साखर दिसणारच, त्या रिपोर्टने घाबरू नका. शुगर रक्तातूनच बघायची.

ट्यूबमधलं क्लोबेटासॉल हे फार जोरकस स्टिरॉइड. ते खाज दाबतं, बुरशीला मोकळं रान देतं आणि कातडी पातळ करतं. अशी मलमं २०१८ पासून शेड्यूल एचमध्ये आहेत, चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. आता गंमत बघा: चिरा भरताना कातडीवर पांढरट, टणक कडं तयार होत असेल तर तो लायकेन स्क्लेरोसस हा कातडीचा जुनाट आजार असू शकतो आणि त्यावर हेच क्लोबेटासॉल डॉक्टर स्वतः देतात. म्हणून अंदाजाने लावायचं नाही, आधी दाखवायचं. न भरणारी जखम किंवा गाठ असेल तर बायोप्सीही करतात.

साध्या बुरशीला बहुतेकदा नुसतं क्लोट्रिमाझोलचं मलम एक-दोन आठवडे पुरतं. फ्लुकोनाझोलची गोळी लिहिली तर ग्लिमेपिराइड चालू आहे हे आवर्जून सांगा, दोन्ही एकत्र आल्या की शुगर धाडकन खाली येऊ शकते. तोवर साध्या कोमट पाण्याने धुवा, साबण नको, हलक्या हाताने टिपून कोरडं करा. कातडी जाईल तेवढीच मागे न्या, जोर नको, आणि पुढे आणायला विसरू नका. मागेच अडकून शेंडा सुजला तर सकाळची वाट न बघता कॅज्युअल्टी गाठा. अंडकोषापासून गुदद्वारापर्यंत कुठेही जबर दुखणं, सूज आणि ताप आला तरी तसंच. ते क्वचित होतं, पण या गोळ्यांसोबत जीवघेणा संसर्ग झालेला आहे.

आडवाट: सुंतेचं म्हणाल तर मला लागली नाही. ओळखीच्या एका गृहस्थांना लागली, कातडी पार आवळली होती. युरॉलॉजिस्टने केली, संध्याकाळी घरी. फक्त महिना-दीड महिना संबंध बंद.

धागाकर्ता: सगळ्यांचे आभार. स्किनच्या डॉक्टरांची शनिवारची वेळ घेतली. खरं तर हिनेच फोन लावून माझ्या हातात दिला. बायकोचं औषध वेगळं की माझंच मलम चालेल? आणि तपासणीला जाताना मलम लावून जाऊ का?

दवाखानेवाला: वहिनींना त्यांच्या डॉक्टरकडे पाठवा, त्यांचं औषध वेगळं. दोघांना आराम पडेपर्यंत संबंध टाळा, नाहीतर बुरशीची देवाणघेवाण चालूच राहते. शनिवारपर्यंत ती ट्यूब लावू नका. कातडी आहे तशी दिसू दे, पण ट्यूब आणि गोळ्यांची पाकिटं खिशात घेऊन जा.