लेव्हल : स्तर, श्रेणी की पायरी?

म्हापसेकर : भरतीच्या एका जाहिरातीचं मराठी करतोय. कनिष्ठ लिपिक, पे मॅट्रिक्स (म्हणजे पगाराचा तक्ता), लेव्हल 2, 19,900 ते 63,200. मी ‘वेतनश्रेणी 2’ लिहिलं. साहेबांनी श्रेणीवर काट मारून ‘स्तर’ केलं. का, तर म्हणे ‘तसंच असतं’. काय बरोबर?

सत्तरीची सून : साहेबच बरोबर. श्रेणी म्हणजे जुनी स्केल, 5200-20200 आणि वर ग्रेड पे म्हणून जोडलेली रक्कम, 1900. सातव्या वेतन आयोगाने 1 जानेवारी 2016 पासून ग्रेड पे मोडीत काढला. 1900 वाल्यांची लेव्हल 2 झाली, 2400 ची 4, 4200 ची 6. दोन्हीला श्रेणीच म्हटलं तर जुनी फाईल उघडणाऱ्याचे हाल.

अण्णा फोंडा : स्तर म्हणजे थर, तो मातीचा असतो. कोकणीत ‘पांवडो’ आहे, मराठीत पायरी. वेतनपायरी लिहा, सरळ!

सत्तरीची सून : अण्णा, पायरी वार्षिक वाढीला लागते. लेव्हलच्या रकान्यात 19,900, 20,500, 21,100 अशी घरं एकाखाली एक असतात. पगार चढतो तसं बोट खाली उतरतं.

डिचोलीकर : मग दर्जा?

पेडणेकर : दर्जा नकोच. माझे वडील एकाच पदावर निवृत्त झाले. एमएसीपीने, म्हणजे बढती न मिळालेल्यांसाठीच्या योजनेने, दहा, वीस, तीस वर्षांनी वरची लेव्हल मिळते, टेबल तेच. आई शेजारी सांगायची, ‘ह्यांना बढती झाली’. वडील वैतागायचे, ‘बढती नव्हे गो, लेव्हल!’ पदाची लेव्हल भरती नियमांत लिहिलेली असते, कामाची जबाबदारी नि शिक्षण बघून. माणसाची मात्र पद न हलता वर जाऊ शकते. दर्जा म्हटलं की हे दोन्ही एकात मिसळतं.

शुद्धलेखक : ‘बढती’ हिंदी वळणाचा. पदोन्नती म्हणा. आणि पगार नव्हे, वेतन.

अण्णा फोंडा : पगार पोर्तुगीजांकडून आलाय. ते 1961 ला गेले, शब्द ठेवून गेले. आता तोही परत करायचा का?

शुद्धलेखक : करावा. मुलं ‘सॅलरी’ म्हणतात ते काय कमी आहे?

म्हापसेकर : मंडळी, स्तर की श्रेणी? उद्या दुपारी द्यायचंय.

शुद्धलेखक : तुम्ही ‘लिपिक’ लिहिलंत ते उत्तम. कारकून फारसी.

सत्तरीची सून : लिपिकाचं तरी काय? अशोकाच्या शहाबाजगढीच्या लेखात ‘दिपि’ आहे, तो जुन्या फारसीतला. लिपी त्यावरूनच आली असं मानणारे अभ्यासक आहेत.

शुद्धलेखक : पाणिनीकडे ‘लिपि’ आहे, बाई.

सत्तरीची सून : ‘लिबि’सुद्धा आहे, त्याच सूत्रात. पाणिनी राहायचा कुठे? गांधारात. इराण्यांच्या शेजारीच की!

अण्णा फोंडा : मग एलडीसीच (लोअर डिव्हिजन क्लार्क) लिहा. पर्वरीच्या सचिवालयात दुसरं कोण काय म्हणतंय?