मदत हवी आहे: मुलीला तेर्स (जपमाळेची प्रार्थना) पाठ आहे, पण अर्थ कळत नाही. घरी धर्मशिक्षण कसं द्यावं?

नमस्कार. मालवण तालुक्यात आमची वाडी, त्यात ख्रिस्ती घरं पाचच. मुलगी आठ वर्षांची, येत्या मे महिन्यात तिचं पहिलं कम्युनियन (पवित्र भाकर पहिल्यांदा घेण्याचा विधी) आहे. धाकटा पाच वर्षांचा. मिस्टर बोटीवर असतात, वर्षातले जेमतेम चार महिने घरी. रविवारी मिस्सानंतर (चर्चमधल्या उपासनेनंतर) सिस्टर पाऊण तास शिकवतात, पण पावसाळ्यात कितीतरी रविवार बुडतात. म्हणजे शिकवायचं ते मी आणि सासूबाईंनीच. बाप्तिस्म्याच्या वेळी तसं वचनही आम्हीच दिलंय.

रोज साडेसातला खुर्सासमोर (क्रुसासमोर) मेणबत्ती लावून सासूबाई कोकणीत तेर्स सुरू करतात. मुलांची शाळा मराठी, घरात बोलणं मालवणी. मुलीला ‘नमान मोरिये’ ही त्यातली मरियेची प्रार्थना घडाघडा येते. परवा ती मध्येच थांबली आणि म्हणाली, “आई, कुसव्याचें फळ म्हणजे कुठलं? फणस?” सासूबाईंनी डोळे वटारले. तिने मुकाट्याने मणी पुढे सरकवला आणि त्यानंतर शेवटपर्यंत नुसते ओठ हलवत राहिली. मला ते फार लागलं. दोन वर्षं ती हे म्हणतेय, आणि ते फळ म्हणजे मरियेच्या पोटातलं बाळ, आपला येशू, हे मी तिला एकदाही सांगितलं नव्हतं.

रात्री सासूबाईंशी बोलले. त्या म्हणाल्या, “आदीं तोंडार येवंदे, अर्थ मागीर कळटा.” त्या तशाच शिकल्या आणि त्यांची श्रद्धा माझ्यापेक्षा घट्ट आहे, त्यामुळे मला उत्तर देता येईना.

दुसरं म्हणजे चतुर्थीला मुलगी शेजारच्या काकूंकडे झांज घेऊन आरतीला उभी असते. त्याचं मला वाईट वाटत नाही. त्यांचे मोदक आमच्याकडे आणि आमच्या नाताळच्या नेवऱ्या, दोदोल त्यांच्याकडे, हे सासऱ्यांच्या आधीपासूनचं आहे. पण “आपल्याकडे गणपती का नाही?” या प्रश्नाला मी “आपण ख्रिश्चन म्हणून” एवढंच बोलले, आणि तिचं समाधान झालं नाही.

तर तेर्स मराठीत करावा का? ही प्रार्थना सासूबाईंना त्यांच्या आईकडून आलीय, ती मोडायला जीव होत नाही. आणि गणपतीच्या प्रश्नाला काय सांगावं, म्हणजे काकूंच्या श्रद्धेला कमी लेखल्यासारखं होणार नाही?

*

वसईची_आई:
ताई, आमच्याकडे घरात कादोडी (वसईकडची बोली) आणि प्रार्थना मराठीत, त्यामुळे हे चांगलं ठाऊक आहे. कोकणी मोडू नका. पण आठ वर्षांच्या मुलीला एका बैठकीत त्रेपन्न नमो मरिया (तुमचं नमान मोरिये) जड जातात. माझ्या मुलाला आम्ही एकच दशक, म्हणजे दहा नमो मरिया, दिलं होतं, तेही मराठीत, आणि आधी दोन मिनिटं त्या दिवसाचं रहस्य, म्हणजे येशू-मरियेच्या आयुष्यातला प्रसंग, गोष्टीसारखं सांगायचो. सोमवार-शनिवार आनंदाची, मंगळवार-शुक्रवार दुःखाची, बुधवार-रविवार गौरवाची, गुरुवारी प्रकाशाची. ही शेवटची पाच पोप जॉन पॉल दुसरे यांनी २००२ साली घातली. सासूबाई लहानपणी पंधराच शिकल्या असणार. गुरुवारचं दशक नातीकडे द्या, ती आजीला काना गावच्या लग्नाची, येशूने पाण्याचा द्राक्षारस केला ती गोष्ट सांगेल. आजी ऐकायला बसली की वाद आपोआप मागे पडतो.

रत्नांग्रीकर:
मी प्रोटेस्टंट. तेर्स आमच्यात नाही, तेव्हा त्यावर बोलत नाही. पण भाषेचं म्हणाल तर फादर स्टीफन्स इंग्रज असून त्यांनी ख्रिस्ताची कथा मराठी ओव्यांत लिहिली, १६१६ साली ती गोव्यात राशोलला छापली. नवख्रिस्ती लोकांना आपल्या भाषेत वाचायला पुराण हवं होतं, म्हणून. तेव्हा मराठीत सांगितल्याने आजीच्या परंपरेला धक्का लागत नाही.

गणपतीचं आम्ही मुलांना असं सांगितलं: काकू त्यांच्या देवाला मनापासून हाक मारतात, तिथे हसायचं नाही. आपण येशूला हाक मारतो, कारण तो आपल्यावर किती प्रेम करतो हे त्याने क्रुसावर दाखवलं. एवढं त्या वयाला पुरतं. पुढचं मुलं स्वतः विचारतात.

आणि तुम्ही किनाऱ्यावर राहता. सकाळी रापण ओढतात तिथे मुलांना न्या आणि लूकच्या पाचव्या अध्यायातली पेत्राची गोष्ट तिथेच सांगा. रात्रभर राबून जाळं रिकामं आलं, म्हणजे माणसाला काय वाटतं, हे रापणकरांचे चेहरे पाहून मुलांना कळतं. आमच्या शब्बाथशाळेत चित्र दाखवून जे जमलं नाही, ते मिऱ्याच्या किनाऱ्यावर अर्ध्या तासात जमलं.

*

(धागाकर्ती):
मनापासून आभार. काल गुरुवार होता. मुलीने कानाच्या लग्नाची गोष्ट सांगितली आणि सासूबाईंनी विचारलं, “मग त्या रांजणांत उदक कोणें भरलां?” मुलगी म्हणाली, “नोकरांनी, आजी.” मग दशक तिनेच म्हटलं, मराठीत, आणि आजीने कोकणीत उत्तर दिलं. धाकटा मांडीवर झोपून गेला, त्याला उठवलं नाही.

आता एकच विचारायचं आहे. मोठ्या अक्षरांतलं, चित्रांचं मराठी मुलांचं बायबल कुडाळ-सावंतवाडीकडे कुठे मिळेल? नाताळापूर्वी हवं आहे.