गाडीतली पाण्याची ‘मोटर’ की ‘पंप’? दुकानात काय म्हणून मागायचं?

खानापूर रोड :
भावाने जुन्या टेंपो ट्रॅव्हलरची कॅम्पर व्हॅन करून घेतलीय. आत छोटं सिंक, मागच्या दाराला शॉवरचा नळ, सीटखाली 60 लिटरची टाकी. त्यातला पाणी ओढायचा पंप गेलाय, दुसरा बसवायचाय. दुकानात ‘गाडीतली पाण्याची मोटर द्या’ म्हटलं तर काचेवर पाणी मारायची वायपरची मोटर पुढे आली. ‘ती नव्हे ओ, टाकीतनं पाणी ओढायची’ म्हटल्यावर अर्ध्या एचपीचा मोनोब्लॉक, म्हणजे मोटर आणि पंप एकाच अंगात असलेला. शेजारच्या दुकानात शहाणपणाने ‘वॉटर पंप’ म्हटलं, तर त्याने इंजिनाचा, रेडिएटरचं पाणी फिरवणारा वॉटर पंप काढला आणि वर मॉडेल कुठल्या सालचं ते विचारलं. दोघांचंही चूक नाही, खरं मला हवं ते कुठल्या नावाने मिळतं?

टिळकवाडी :
असल्या पंपाला इंग्रजीत ‘डायाफ्राम पंप’ म्हणतात. कोशात पाहिलं. ‘डायाफ्राम’ला प्रतिशब्द ‘श्वासपटल’. दुकानात ‘श्वासपटलाचा पंप’ मागून बघा आणि काय झालं ते इथे कळवा.

कणकुंबी :
आमच्याकडे विहिरीवर असो, बोअरमध्ये असो, नळाला चोरून लावलेली असो, सगळी ‘मोटर’च. घरात ‘मोटर घाल’ म्हणतात, शेजारच्या कन्नड घरात ‘मोटर हाक्री’. आजोबांच्या तोंडी मात्र शेवटपर्यंत ‘मोट’ होती. मोटर आल्यावर ‘मोटेला नुसता र लागला’ असं ते म्हणायचे. व्युत्पत्ती म्हणून हे खोटं, मोटर सरळ इंग्रजीतून आलीय, पण पाणी वर काढणाऱ्या गोष्टीला हा शब्द इतका घट्ट का चिकटला, त्यात मोटेचा थोडा हात असावा असं मला वाटतं.

निपाणी :
आणि ‘पंप’ म्हणजे पाठीवरचा! आमच्या भागात ‘पंप आण’ म्हटलं की पोरगं औषध मारायचा पंपच घेऊन येतं. विहिरीवरच्याला पंप म्हणणारा माणूस एक तर सोसायटीच्या कर्जाचा अर्ज भरत असतो, नाहीतर पुण्याहून आलेला असतो.

उद्यमबाग :
निपाणीकरांनी गंमतीत लिहिलंय, पण उत्तर तिथेच आहे. आपल्या गावाकडची ही विभागणी यंत्राच्या हिशेबानेही बरोबर बसते. विहिरीवरची ‘मोटर’ म्हणजे पंखा फिरवून पाणी फेकणारी. तिला आधी पाणी भरावं लागतं, फूटव्हॉल्व्ह (पाइपच्या तळाची झडप) गळका असला की ती हवा धरते, आणि कोरडी फिरली की सील जळतं. पाठीवरचा बॅटरीचा ‘पंप’ वेगळा. त्यात 12 व्होल्टची छोटी मोटर एक तिरकी चकती फिरवते, ती चकती रबरी पडद्याला आळीपाळीने दाबते आणि रबरी झडपांतून पाणी पुढे ढकललं जातं. हवा असली तरी तो ओढतो, पाणी भरावं लागत नाही. नोझल बंद केलं की प्रेशर वाढून आपोआप थांबतो.

तुमच्या भावाच्या व्हॅनमध्ये नेमकी हीच जात असते. म्हणून ‘मोटर’ शब्द तोंडातून काढूच नका. ‘12 व्होल्टचा डायाफ्राम पंप, प्रेशर स्विचवाला’ एवढं म्हणा. डायाफ्राम म्हणजे तो रबरी पडदा, आणि प्रेशर वाढलं की पंप थांबवतो तो प्रेशर स्विच. गाडीचं नावही सांगू नका, नाहीतर परत रेडिएटर. बोटीचं सामान ठेवणारे आणि ऑनलाइनवाले याच नावाने ओळखतात. शुरफ्लो, सीफ्लो, जॅब्स्को ही या पंपांतली नावं.

आता पाटीवरचे शब्द. मोनोब्लॉकवर ‘हेड’, म्हणजे पाणी किती उंच चढवतो ते, मीटरमध्ये लिहिलेलं असतं, या पंपांवर प्रेशर, पीएसआय किंवा बारमध्ये. 10 मीटर हेड म्हणजे साधारण 1 बार, म्हणजे साडेचौदा पीएसआयच्या आसपास. व्हॅनच्या पंपावर 45 किंवा 55 पीएसआय दिसेल, तो आकडा पंप बंद व्हायचा. नळ उघडून प्रेशर उतरलं की तो परत सुरू होतो. पुढे ‘3 जीपीएम’ असेल, म्हणजे मिनिटाला 3 गॅलन, सुमारे 11 लिटर. पण हा आकडा नळ पूर्ण मोकळा असतानाचा. प्रेशर चढत गेलं की तो कमी होतो, म्हणून एकटा वाचू नका. एक सिंक आणि एक शॉवर यांना एवढा पंप पुष्कळ झाला. मोठा घ्यायचा मोह होतो, पण 60 लिटरची टाकी 11 लिटरच्या धारेने साडेपाच मिनिटांत संपते! शिवाय बारीक पाइपला मोठा पंप लावला तर नळ अर्धा उघडताच तो सारखा चालू-बंद होत राहतो.

जीपीएम आणि जीपीएच (तासाला गॅलन) यांत मात्र माणसं फसतात. ‘1100 जीपीएच’ असा स्वस्त पंप दिसेल. हिशेब केला तर मिनिटाला जवळजवळ 70 लिटर, ऐकायला झकास. तो बोटीच्या तळात साठलेलं पाणी उपसायचा असतो, पाण्यातच बुडवून ठेवतात. त्याला प्रेशर नाही, नळ बंद केला तरी तो थांबत नाही. शॉवरला लावाल तर वरून नुसती लाळ गळेल.

टिळकवाडी :
‘उपसा’ आणि ‘फवारा’ हे दोन शब्द आपल्याकडे होतेच की. बोटीवाला उपसा पंप, व्हॅनचा फवारा पंप. श्वासपटल मागे घेतो.

निपाणी :
मग घरातला पाठीवरचाच काढून बसवला तर? आतला पंप सुटा मिळतो, किमतीलाही हलका.

उद्यमबाग :
सुटा नवा घेतला तर अडल्या वेळी चालेल, धार बारीक येईल एवढंच. औषध मारलेला मात्र कितीही धुतला तरी पिण्याच्या पाण्याला लावायचा नाही. रबरात औषध राहतं. आरओचा बूस्टर पंपही काही जण सुचवतील. तो बहुधा 24 व्होल्टचा असतो, आणि 75 जीपीडी म्हणजे दिवसाला 75 गॅलन, 284 लिटर, मिनिटाला पाव लिटरसुद्धा नाही.

कणकुंबी :
खानापूर रोड, ‘पंप गेलाय’ म्हणजे नेमकं काय झालंय? आमच्याकडे ‘मोटर गेली’ या दोन शब्दांत फ्यूज उडण्यापासून वाइंडिंग जळण्यापर्यंत सगळं मावतं. बाजारात जाण्याआधी तेवढं सांगा.

खानापूर रोड :
आवाज येतो, पाणी येत नाही. आणि त्याआधी काही दिवस रात्री कुणी नळ उघडलेला नसताना मधेच ‘टर्रर’ करून थांबायचा.

उद्यमबाग :
मग पंप गेलेला नसेलही. नळ बंद असताना मधेच टर्र वाजतो म्हणजे पुढचं प्रेशर कुठेतरी उतरतंय : एखादा जोड पाझरत असेल, नाहीतर पंपातली चेक व्हॉल्व्हची (पाणी मागे येऊ न देणाऱ्या झडपेची) रबर बसत नसेल. आता फिरूनही पाणी नाही म्हणजे बहुधा ओढायच्या बाजूने हवा शिरतेय, नाहीतर जाळी तुंबलीय. पंपाच्या तोंडाशी पारदर्शक झाकणाची वाटी असेल, आत जाळी. ती उघडा. बोअरचं पाणी भरत असाल तर तळाला रेती आणि जाळीवर क्षाराचा पांढरा थर दिसेल. झाकणाखालची ओ-रिंग (रबरी कडी) चपटी झाली असली तर तिथूनच हवा जाते. जाळी धुवा, ओ-रिंग बदला, टाकीपासूनच्या पाइपचे क्लिप आवळा, मग चालवून बघा. तरी नाहीच ओढला तर पंपाच्या डोक्याचे स्क्रू काढून पडदा बघा, चिरला असेल तर बोटाला लगेच कळतं.

खानापूर रोड :
जाळी निघाली. रेती नाही, टाकी कापतानाचा प्लास्टिकचा भुसा होता! साफ केल्यावर ओढतोय, पण दम नाही, आणि डोक्याखालून थेंब गळूलालेत. नवाच घेतो. 12 व्होल्ट, 3 जीपीएम, 45 पीएसआय. वायर जुनीच ठेवली तर चालेल ना?

उद्यमबाग :
किती जाड आहे ते बघा. असा पंप भरात 7-8 अँपिअर ओढतो. बॅटरी पाच मीटरवर असेल तर जाऊन-येऊन दहा मीटर तांबं झालं. 1 स्क्वेअर एमएमच्या वायरीत दीडेक व्होल्ट वाटेतच खपतात, अडीचच्या वायरीत अर्ध्या व्होल्टच्या आसपास. जुन्याला दम नव्हता त्यात वायरीचाही वाटा असेल. अडीचची ओढा, पंपाच्या पाटीवर लिहिलेला फ्यूज बॅटरीजवळ घाला आणि पंपाच्या दोन्ही तोंडांना हातभर लवचिक नळी द्या, म्हणजे झोपेत फळी थरथरणार नाही. जुन्याचा प्रेशर स्विच चालू असेल तर काढून ठेवा, उपयोगी पडतो.

निपाणी :
आणि दुकानात जाताना जुना पंप पिशवीत घालून न्या. मग मोटर म्हणा नाहीतर पंप.